एकवीस पाकिटं कचरा

मी एकदा मोजलं की मोजलं! त्यावर पुन्हा काटा लावायची कोणाची हिंमत नाही. चौतीस वर्षं मी सिमेंटच्या गोदामात वजनकाट्यावर काढली. ट्रक फाटकातून आत आला की त्याच्या चाकांकडे बघूनच मी सांगायचो, “दोन गोण्या कमी आहेत.” आणि तेवढ्याच कमी निघायच्या!

गोदामात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ‘बारदान’ म्हणत. बारदान म्हणजे रिकामी गोणी, रिकामा डबा, रिकामं खोकं. माल ज्यात भरलेला असतो ते. एकूण वजनातून ते वजा केलं की मालाचं खरं वजन निघतं. बाकीचे काटेवाले घाईत विसरायचे. मी एकदाही नाही! मालकांनी गंमत म्हणून चहाचा कप काट्यावर ठेवला, तरी मी ओरडलो होतो, “साहेब, कप वजा!”

हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तुमचा माझ्यावर थोडा तरी विश्वास शिल्लक असलेला बरा.

तर झालं असं, की आमच्या हिच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी बजावलं, “आजी, तीन महिने वाकायचं नाही. झाडू नाही, फरशी पुसणं नाही. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन.”

ही बाहेर आली आणि म्हणाली, “किती लहान आहे हो डॉक्टर! मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही.”

याचा अर्थ, ऐकायचं नाही असं ठरलं होतं.

आमची लेक दोन गल्ल्या सोडून राहते. ती संध्याकाळी आली ती कमरेवर हात ठेवूनच. “बाबा, झाडायला-पुसायला बाई ठेवा.”

“परकी बाई येऊन माझ्या पलंगाखाली डोकावणार?” ही म्हणाली. “आणि गावभर सांगत फिरणार? काही नको. दोन म्हाताऱ्यांचं घर. कचरा होतो तरी कुठे?”

“होतो आई!”

“नाही होत!”

“होतो!”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळायला लागला होता. खरंच, किती होत असेल? तीन खोल्या, दोन माणसं, आठवड्याचा कचरा किती? चाळीस वर्षं आम्ही तो केला, झाडला, टाकला. पण कोणी कधी मोजला?

मी खुर्चीवरून उठलो. “थांबा. भांडू नका. काटा सांगेल!”

निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळतं. मला गोदामाने टेबलावरचा छोटा काटा दिला होता, एका ग्रॅमपर्यंत बरोबर वजन दाखवणारा. तो मी कपाटातून काढला. योजना अशी, की सात दिवस रोज सकाळी नऊ वाजता मी स्वतः झाडणार. प्रत्येक खोलीचा कचरा वेगळ्या पाकिटात. पाकीट बंद, वजन, वर चिठ्ठी. आठवड्याचा कचरा अर्ध्या किलोच्या वर गेला तर बाई ठेवायची. खाली राहिला तर झाडू माझ्याकडे.

“आणि मी?” हिने विचारलं.

“तू बसायचं.”

“बरं,” ही म्हणाली. इतक्या पटकन ‘बरं’ ती लग्नातसुद्धा म्हणाली नव्हती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

लेकीने तिच्या ऑफिसातली जाड खाकी पाकिटं आणून दिली. लिहायला-वाचायला मी पन्नाशीनंतर शिकलो, त्यामुळे चिठ्ठी लिहायची म्हटलं की मला सणसणीत हुरूप येतो. ‘सोमवार. बाहेरची खोली. एकतीस ग्रॅम.’ काय शोभत होतं म्हणून सांगू! स्वयंपाकघर सव्वीस. आतली खोली अडतीस. पहिल्या दिवशी बेरीज पंच्याण्णव. गाडी अर्ध्या किलोच्या वाटेवर व्यवस्थित लागली होती.

मंगळवारी सकाळी फिरून आलो, झाडलं, वजन केलं. सतरा, पंधरा, चौदा!

बुधवारी चौदा, तेरा, तेरा!

मी चक्रावलो. माणसं तीच, चपला त्याच, खिडक्या त्याच. मग कचरा गेला कुठे? मी उन्हाच्या तिरिपेत खुर्ची टाकून तासभर धूळ कुठे जाते ते बघत बसलो. उंबऱ्यावर पालथा पडून दाराखालच्या फटीतून वारा आत येतो की बाहेर जातो ते गाल लावून पाहिलं.

तेवढ्यात दार उघडून शेजारचा शिंपी उभा. “काटेवाले, चक्कर आली का?”

“नाही हो. कचरा शोधतोय.”

“मग माझ्याकडे या!” तो भडकलाच. “दोन दिवस झाले, रोज सकाळी माझ्या डब्यात कोणीतरी मूठभर कचरा टाकून जातंय!”

“तो तुमचाच असेल.”

“माझा? त्यात एक दोरा नाही! मी शिंपी आहे की नाही? माझ्या कचऱ्यात दोरा नाही असं होईल?”

मुद्दा बिनतोड होता. मी हात झटकत उठलो. “त्यातला थोडा नमुना मिळेल का? वजन करून परत देतो.”

शिंपी दोन पावलं मागे सरकला. त्यानंतर आठवडाभर तो मला बघून दुसऱ्या जिन्याने उतरत होता.

आत ही खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. मान खाली. म्हणाली, “सांगितलं नव्हतं? आपल्या घरात कचराच होत नाही.”

गुरुवारी नवलच झालं. स्वयंपाकघर झाडलं तर केरसुणीला काहीच लागलं नाही. फरशी अशी, की तीत भांग पाडावा. तरी शिस्त म्हणून पाकीट बंद केलं, काट्यावर ठेवलं. बारा ग्रॅम! आत डोळ्यांना काही दिसत नाही, आणि काटा म्हणतोय बारा! मला अक्षरशः शहारा आला. अदृश्य धूळ! मी वहीत लिहून ठेवलं, ‘कितीही झाडा, कोणत्याही खोलीचा कचरा बाराच्या खाली जात नाही. हा घराचा नियम दिसतो.’

आणि त्याच दिवशी बाहेरच्या खोलीचा कचरा एकदम साठच्या वर गेला!

शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. आतल्या दोन खोल्या तेरा-चौदावर, आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याजवळ रोज काळसर ढीग. गुरुवारपासून लेक रोज पावणेनऊला ऑफिसला जाताजाता डोकावत होती. “आई, गुडघा कसा आहे?” विचारून दोन मिनिटांत पळायची. रविवारी ऑफिसला सुट्टी, तरी सकाळी डोकावून गेली! किती माया! मी हिला तसं बोलूनही दाखवलं. ही मात्र सोफ्याजवळच्या ढिगाकडे असं बघायची, जसा काही तो ढीग तिचा अपमान करायलाच आला होता.

रविवारी सातवा दिवस संपला. एकवीस पाकिटं टेबलावर ओळीने मांडली. लेक पुन्हा आली. तिने एका सफाईवाल्या बाईंना नुसतं बोलायला म्हणून बोलावलं होतं, त्याही त्याच वेळी दारात आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, नजर अशी, की घरात पाऊल टाकताच पंख्याच्या पात्यांवरून फिरून आली.

मी बेरीज वाचली. “पाचशे चाळीस ग्रॅम! अर्ध्या किलोच्या वर चाळीस! बाई ठेवायची!”

“शक्यच नाही!” ही खुर्चीवरून ओरडली. “मी तर रोज...” आणि तिने जीभ चावली.

“रोज काय?” मी विचारलं.

सफाईवाल्या बाई पाकिटं उघडून बघत होत्या. काकडी निवडावी तशी एकेक उचलायची, आत बघायचं, खाली ठेवायची.

“काका, हे सोमवारचं घरचं आहे. केस, खडे, पावडर. मंगळवारपासून पुढे एकही केस नाही. केस पहिल्या झाडूला निघतो. म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी झाडून घेतलंय.”

मी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीकडे बघत होती.

“आणि ही बाहेरच्या खोलीची चार पाकिटं,” बाई म्हणाल्या, “ही माती आहे. कुंडीतली. यात तर खताचा दाणापण आहे.”

मी लेकीकडे पाहिलं. लेक छताकडे बघत होती.

“अगं, तू माझ्या घरात माती टाकलीस?” ही कडाडली.

“मग काय करू? बाबा फोनवर सांगत होते कचरा घटतोय! आणि तू? तू वाकून झाडत होतीस?”

“रोज थोडंसंच. हे फिरायला गेले की.”

“आणि टाकत कुठे होतीस?” मी विचारलं.

भिंतीपलीकडून शिंप्याचा आवाज आला, “माझ्या डब्यात!”

लेकीला जाब विचारायला ही तरातरा उठायला गेली, आणि अर्ध्यातच थांबली. एक हात खुर्चीवर, एक हात गुडघ्यावर. लेक धावली. मीही धावलो. गुडघा हाताला गरम लागत होता आणि सुजून वाटीएवढा झाला होता. सहा दिवस मी या घरात दाराच्या फटी तपासल्या, उन्हातली धूळ तपासली. तो एक गुडघा तेवढा बघायचा राहिला होता.

बाई आतल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून झाडूचा एक फराटा मारला आणि मांजराएवढा धुळीचा गोळा ओढून आणला. त्यात माझी दोन वर्षांपूर्वी हरवलेली पेन्सिल होती.

“इथे कोणीच पोचलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ना काकू, ना काका. काका, सकाळी नऊला तुम्ही कुठे असता?”

“घरीच.”

“तीच भीती होती. मी आले तर नऊ ते दहा तुम्ही फिरायला जायचं. मला काटा बघून झाडता येणार नाही.”

त्या पाकिटं डब्यात रिकामी करायला लागल्या. एक रिकामं पाकीट हातात तोललं. पुन्हा तोललं. मग सहज ते माझ्या काट्यावर ठेवलं.

“काका, बारा ग्रॅम दाखवतोय. पाकिटाचं वजन वजा केलंत ना?”

मी वही ओढली आणि तिथेच नवी बेरीज मांडली. एकवीस पाकिटं, प्रत्येकी बारा. दोनशे बावन्न! खरा कचरा दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि तोही लेकीच्या मातीसकट!

आधी ही फुसकन हसली. मग तिला हसू आवरेना. “बारदान!” एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुटायची. “अहो, अदृश्य धूळ! वहीत लिहिलंय यांनी!” डोळ्यांत पाणी, दुखरा पाय पुढे ताणलेला, आणि हसणं थांबेना.

लेक घाबरून म्हणाली, “म्हणजे अर्ध्या किलोच्या खालीच! आई जिंकली!”

“जिंकलेच मुळी!” ही डोळे पुसत म्हणाली. तिने गुडघ्यावर हात ठेवला. मग सफाईवाल्या बाईंकडे वळून, पाहुणीला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, “उद्या नऊला याल ना? पलंगाखालचं मात्र कोणाला सांगू नका हो.”

“छे!” बाई म्हणाल्या. “पलंगाखाली सगळ्यांकडे हेच असतं.”

“सगळ्यांकडे? शेजारी शिंप्याकडेसुद्धा?” हिने खुर्ची पुढे ओढली.

आता बाई रोज येतात. मी नऊ ते दहा बागेत बसतो. आज किती निघाला असेल, हा विचार मनात येतोच, पण काटा लेक घेऊन गेली आहे.

तुमची ओळख सिमेंटच्या गोदामात कोणाशी असेल, तर एक विनंती. हे त्यांना वाचून दाखवू नका. तिथे मला अजून ‘बारदान’ म्हणतात, आणि मानाने म्हणतात!