चर्चेला विषय: पोहे

"मुलं नुसती तुटून पडतील, बघाच तुम्ही!" अमेरिकेतल्या क्युपर्टिनोच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये नीलांबरीने छातीठोकपणे सांगितलं आणि मुलांसाठी मराठीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. घरून लॉगिन करायचं, चर्चेच्या पानावर मराठीत लिहायचं, एकमेकांना उत्तरं द्यायची. सोपं!

मुलं कशावरही तुटून पडली नाहीत. पानावर नीलांबरीचे प्रश्न आणि त्यांखाली नीलांबरीचंच 'कुणीतरी लिहा ना!'

शेवटी मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड सर्जन मनोहरकाका यांचा फोन आला. "रविवारी मी स्वतः पान बघणार. मुलं बोलत नसतील तर वर्ग कॅन्सल!"

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर नीलांबरीला स्वतः नोकरी करता येत नव्हती. तिला 'टीचर' म्हणणारी अख्ख्या अमेरिकेत ही एकच जागा होती.

तिने घाईघाईने नवा प्रश्न टाकला, 'तुमच्या घरी पोहे कसे करतात?' आणि आयांना फोन लावले.

"शुभा, अनीशला लिहायला बसव गं, प्लीज!"

"डोन्ट वरी यार, बसवते!"

रविवारी सकाळी तिने पान उघडलं. उत्तरंच उत्तरं! ती आनंदाने किंचाळलीच. मग वाचायला लागली.

आठ वर्षांच्या अनीशने लिहिलं होतं, 'पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा हवाच! आमच्या नागपूरला कोरडे पोहे फक्त आजाऱ्याला देतात.'

सात वर्षांच्या अनयाचं उत्तर, 'आमच्या पुण्यात पोह्यांना स्वतःची चव असते. लग्न झाल्यापासून करतेय, सासूबाईंनीसुद्धा कधी नावं ठेवली नाहीत!'

त्यावर अनीश, 'चव कळायला आधी बशीत पोहे तरी वाढा!'

वर्गातल्या निम्म्या मुलांची लग्नं झालेली होती! सगळं पुसावं तर पान पुन्हा ओसाड, ठेवावं तर काका वाचणार. तेवढ्यात फोन वाजला.

"पान बघितलं मी," मनोहरकाका.

"काका, मी सांगते सगळं..."

"मुलांचं मराठी केवढं सुधारलंय गं! फक्त ओलं खोबरं सगळे विसरले. मी लिहिलंय खाली, नातवाच्या नावाने. वर्ग चालू ठेव!"

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. या वेळी खराखुरा अनीश होता, रडवेला.

"टीचर, प्लीज टेल मॉम टू लॉग ऑफ! आय वॉन्ट टू राइट अबाउट पोहे!"

नीलांबरीला अगदी भरून आलं. वर्गातल्या पहिल्या विद्यार्थ्याने तोंड उघडलं होतं! तेही इंग्रजीत.