हिवरडोहच्या तळाची मोहीम

शके एकोणीसशे अडतीस, मास चैत्र, पाऊस सलग तिसरे साल रुसलेला, तालुका गेवराई, मौजे नवे हिवरडोह येथील वर्तमान. गावच्या सेवा सहकारी सोसायटीस पन्नास वर्षे पुरी जाहली, सबब स्मरणिका छापावयाची ठरली, आणि चेअरमन राजमान्य राजश्री रामहरीराव यांनी सेवकास हुजुरास बोलावोन फर्माविले की, आमचे बालपणीचे सोनेरी दिवस, आणि त्या दिवसांच्या बळावर आम्ही केलेली पाण्याची मोहीम, ऐसा मजकूर शोभिवंत भाषेत लिहोन द्यावा. सेवक माणिकराव, सोसायटीचा सचिव, एकतीस वर्षे एकाच खुर्चीत झिजला, त्यास नाही म्हणणे ठाऊक नाही. हुकुमाप्रमाणे भाषा शोभिवंत घातली आहे. मजकूर मात्र जैसा घडला तैसाच आला, त्यास इलाज नाही.

प्रथम बालपणाची हकीकत. जुने हिवरडोह नदीकाठी होते. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने तलावाचे काम काढले, रयतेने सुकडी खाऊन बांध घातला, आणि बांध पुरा होताच त्याच रयतेचे गाव पाण्याखाली गेले, मग सारे माळावर येऊन नवे हिवरडोह म्हणवू लागले. गाव बुडाले ते चेअरमनांस एकापरी मानवले, कारण जे गाव कोणास दिसत नाही त्याविषयी काय वाटेल ते बोलता येते.

आणि बोलत तरी किती! रोज सकाळी सोसायटीच्या ओट्यावर दरबार भरे. मधे चेअरमन, उजवे हातास आसारामजी, डावे हातास गहिनीनाथजी, हे तिघे बालमित्र आणि हल्ली तिघेही संचालक मंडळात. चहा येई, आणि मग सुरू होई की, आम्ही गढीच्या बुरुजावरून डोहात उड्या टाकल्या, त्या डोहात सात बाजांची सुतळी सोडली तरी तळ लागत नव्हता, आणि पुरात म्हशीचे शेपूट धरोन पैलतीर गाठला, आणि आग्या मोहोळ नुसत्या हाताने काढले, आणि नागाची शेपटी ओढली, आणि आम्हांस काहीएक जाहले नाही. मग तिघेही मोबाईलात वाकलेल्या पोरांकडे पाहोन च् च् करीत आणि म्हणत, ह्यांना काय बालपण म्हणावं. आता आम्हांस काही जाहले नाही, हे बोलणे खरेच आहे. ज्यांस जाहले ते ओट्यावर चहास येत नाहीत, इतकाच काय तो फरक.

ऐसी साले गेली, आणि यंदा तलाव आटत आटत तळास गेला, मग फाल्गुनात जुन्या गढीचा बुरूज चिखलातून डोके काढोन उभा राहिला. टँकर चौथे दिवशी येई, कधी न येई. गुरे छावणीवर गेली. ऊसतोडीहून परतलेली माणसे घरात शिरली तो रांजण कोरडे, आणि पुन्हा बिऱ्हाड पाठीवर मारोन कोठे जावे, हाच दारोदार एक विषय. पाणी न लागल्यास गाव उठणार, यात कोणास संशय उरला नाही.

तेव्हा चेअरमनांनी शेजारच्या साखर कारखान्यावर स्वारी केली. तेथे ऊसच नसल्याने पोकलेन यंत्र रिकामे उभे होते, ते सूर्योदय ते सूर्यास्त एक दिवस हिवरडोहास द्यावे, ऐसी सनद मिळविली. ही कामगिरी मोठी, सेवक तीस कमी लेखीत नाही. परंतु दुसरे दिवशी यंत्र पाटोद्याकडे रवाना होणार, आणि फिरोन मिळणे नाही. एका दिवसात तलावाच्या तळात पाण्याची जागा गाठावी, नाही तर हात चोळीत बसावे, ऐसा प्रसंग.

जागा कोणती, म्हणोन ओट्यावर खलबत बसले. चेअरमनांनी क्षणाचाही विचार न करता निर्णय दिला की, बुरुजाखाली खणावे, बिनतळाचा डोह तेथेच, आमच्या उड्यांस स्मरोन खणावे. आसारामजींनी मान डोलविली, गहिनीनाथजींनी त्याहून अधिक डोलविली.

इतक्यात बौद्धवाड्यातील मुक्ताबाई, वय चौसष्ट, आपणहोऊन ओट्याखाली येवोन उभ्या राहिल्या आणि बोलल्या, "बुरजाखाली पानी न्हाई, चेअरमन. तिथं निस्ता खडक हाय. खरा डोह खालच्या अंगाला हाय, तीनशे पावलं."

आसारामजी हसोन बोलले, "तुमाला काय ठाव बुरजाखालचं? तुमी कवा येत होता तिकडं?"

"तुमी येऊ देत नव्हता, म्हणून तर खालचं ठाव हाय," मुक्ताबाई बोलल्या.

येथे नदीचा दस्तूर सांगणे अवश्य. वरचे अंग गावाचे, खालचे अंग मुक्ताबाईंच्या वस्तीचे. वरच्यांनी अंघोळी कराव्या, म्हशी धुवाव्या, आणि मग जे पाणी पुढे जाई ते खालच्यांनी भरावे. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली, जुने देव नदीत सोडले, परंतु पुढे कैक वर्षे नदीस ती वर्दी पोहोचलीच नव्हती. वरच्या पोरांनी खालच्या अंगास पाय दिला तर घरी अंगावर पाणी आणि पाठीवर छडी. सबब हे तिघे शूर, जे पुरास भ्याले नाहीत आणि नागास भ्याले नाहीत, ते तीनशे पावले चालण्यास भ्याले, आणि गाव बुडेतो तिकडे फिरकले नाहीत.

मुक्ताबाईंचे बोलणे अमान्य जाहले. दफ्तरात त्याची नोंदही नको, ऐसी ताकीद सेवकास मिळाली.

मग मोहिमेचा दिवस उजाडला. यंत्र घरघरत तळात उतरले, मागे सारे गाव रिकाम्या घागरी घेऊन चालले. चेअरमन फेटा बांधोन बुरुजावर चढले, दोन्ही हात पुढे करोन उडी टाकण्याच्या पवित्र्यात उभे राहिले, आणि छायाचित्र निघाले. नारळ फुटला. यंत्राने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि दोन फुटांवर खणखणीत आवाज आला. चालकाने खाली उतरोन पाहिले आणि कळविले की, खडक आहे. चेअरमनांचा हुकूम जाहला की, दहा पावले सरकावे. तेथेही खडक. मग उत्तरेस खणले, मग दक्षिणेस खणले, यंत्राच्या सोंडेचा एक दात मोडला, दुपार कलली, आणि पाच खड्ड्यांत मिळोन तांब्याभर ओल लागली नाही. चालकाने बुरुजावरची जुनी पाणरेषा आणि खालचा खडक यांमधील अंतर टेपाने मोजले, ते भर पावसाळ्याचे पाणी धरोन साडेतीन फूट भरले. सात बाजांची सुतळी ती हीच. रयत गालात हसली. तहान लागली होती म्हणोन, एरवी मोठ्याने हसली असती.

आसारामजी हळूच बोलले, "आपुन लहान होतो नव्हं. छातीला पानी म्हंजी लई खोल वाटायचं."

तरी चेअरमनांचा सहाव्या खड्ड्याचा हुकूम सुटलाच. तेव्हा त्यांचे कुटुंब कौशल्याबाई, ज्या आजपावेतो चारचौघांत बोलल्या नव्हत्या, त्यांनी यंत्रापुढे घागर पालथी घातली, तीवर बसकण मारली, आणि आपले फर्मान जारी केले, "तुमच्या उड्या लई झाल्या. घरात थेंब न्हाई. आता मुक्ताबाईला इचारा." सगळ्या बाया त्यांचे मागे येऊन बसल्या, आणि चालकाने यंत्र बंद केले. चेअरमनांचा हुकूम मोडणे चालकास जमले असते, बायकांचा नसते जमले.

मग चेअरमन मुक्ताबाईंसमोर गेले आणि जागा दाखवावी ऐसी विनंती केली. मुक्ताबाईंच्या घरीही घागर रिकामीच होती, हे वाचणारांनी ध्यानी घ्यावे. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्या बोलल्या, "तवा फुकट सांगत होते, तुमी घेतलं न्हाई. आता सांगते, पण आधी तुमी सांगा. सिदूला चेंडू आन म्हणून कोन वरडलं?"

सिदू म्हणजे मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ. बावन्न वर्षांपूर्वीच्या श्रावणातील ही गोष्ट. तिघे मित्र बुरुजावर चिंध्यांचा चेंडू खेळत होते, चेंडू पुरात पडोन खालच्या अंगास वाहत गेला, आणि तेथे सिदू आणि त्याची बहीण उभी होती. वरोन आरोळी आली, सिदूने पाण्यात सूर मारला, आणि तो वर आला नाही. तिसरे दिवशी बापाने दोन चऱ्हाटे जोडली, कमरेस दगड बांधला, तळ गाठला आणि पोर वर आणले. डोहाचा तळ त्या बापास आणि दोर धरोन काठावर उभ्या लेकीस ठाऊक होता. गावाने मात्र ठरविले की, पोरगा द्वाड होता, आपल्या पायाने गेला. पोलीस पाटलाने तैसेच लिहिले. मुक्ताबाई बारा वर्षांच्या होत्या, आरोळी ऐकली म्हणोन सांगत फिरल्या, आणि त्यांस कोणी विचारले नाही, त्या दिवसापासोन आजपावेतो.

सूर्य बांधावर टेकत चालला. गहिनीनाथजी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरू लागले. आसारामजींस एकाएकी दूरचे काही दिसू लागले. आणि चेअरमनांच्या मनात काय आले तेही सेवक लिहितो, कारण बखर लिहिणारास दुसऱ्याच्या मनात शिरण्याची मुभा असते. चेअरमनांस ती आरोळी बावन्न वर्षे ऐकू येत होती. रोज सकाळी ओट्यावर पूर, म्हैस आणि नाग यांचा बाजार भरवायचा तो ती एक आरोळी ऐकू येऊ नये म्हणोनच. सेवकास अशा माणसाची कीव यावी, परंतु येत नाही. त्याने आपली भीती बुरुजाएवढी सजविली आणि दुसऱ्याचे पोर विसरण्यास लावले, याची चीडच येते.

मग चेअरमनांनी डोक्यावरचा फेटा काढोन काखेत धरला आणि ते बोलले, "म्या म्हनलो. चेंडू आन रं, म्हनलो. पानी लई हाय ते दिसत होतं."

"आन् मग?"

"मग आमी पळालो. घरी कुनी बोलायचं न्हाई असं ठरीवलं."

मुक्ताबाईंनी विचारले, "ऐकलं का समद्यांनी?" कौशल्याबाई नवऱ्याकडे न पाहता बोलल्या, ऐकलं. मग मुक्ताबाई उठल्या, पदर खोचला, आणि पुढे चालू लागल्या. मागे यंत्र, मागे सारी रयत. तीनशे पावलांवर त्या थांबल्या, काळ्या कातळाच्या कडेपासोन आठ पावले मोजली, आणि टाच रोवोन बोलल्या, "हितं."

यंत्राने खणण्यास आरंभ केला. गाळ निघाला, मग पिवळी वाळू, मग काळी वाळू, दहा फूट, पंधरा फूट, आणि खडक लागेना. सूर्याची कोर बांधावर उरली तेव्हा एकविसाव्या फुटावर वाळू चकाकली, आणि पाहता पाहता सोंड पाण्यात बुडाली. बाया उभ्या राहोन नुसत्या पाहत होत्या, आणि मग एकीने रडण्यास आरंभ केला तो सगळ्याच रडल्या.

पाणी निवळताच पहिली घागर मुक्ताबाईंनी भरली. घागर कडेवर घेऊन त्या वर आल्या, तो वाटेत चेअरमन उभे. भांडे कोणी आणले नव्हते. चेअरमन खाली वाकले, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, आणि मुक्ताबाईंनी वरोन पाणी घातले. खालच्या अंगाचे पाणी चेअरमन प्याले, दोन वेळा मागोन प्याले, आणि साऱ्या गावाने पाहिले.

येणेप्रमाणे मिती चैत्र वद्य तृतीया, सूर्यास्त समयी, मौजे हिवरडोहची मोहीम फत्ते जाहली. हा मजकूर स्मरणिकेतून गाळावा ऐसा हुकूम काल आला, तो सेवकाने वाचला आणि दफ्तरास लावला. गावास पाणी लाभले. फत्ते मुक्ताबाईंची. या मोहिमेत कामी आला इसम एक, सिदू, वय वर्षे अकरा.