तुरतुरीचा सुबक पंजा

एका जंगलात तुरतुरी नावाची खार राहत होती. पुढे घडलेल्या अनर्थास पहिला हातभार तिनेच लावला, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मुलांनो, त्या जंगलात रोज सकाळी हजेरी होत असे. प्रत्येकाने पाणवठ्याच्या चिखलात पंजा उमटवायचा. इतर प्राणी कसाबसा उमटवून पळत. तुरतुरी मात्र आधी पंजा धुई, मग सावकाश दाबी. सरपंच रानगवा तिचा ठसा सर्वांना थांबवून दाखवी.

बुंध्यातील ढोलीत तिने पावसाळ्यासाठी चारोळ्यांची बेगमी केली होती. तिची तीन पिल्ले त्या चारोळ्यांवरच जगणार होती. म्हणून चोरीच्या भीतीने दर आठवड्याला ती साठा नव्या ढोलीत हलवी.

"खारूताई, ही हमाली कशाला?" वानर म्हणाला. "हे पंजाकुलूप लावा. ते केवळ तुमच्या पंजाने उघडते."

"आणि कोणी नक्कल केली तर?"

"असा सुबक पंजा जंगलात दुसरा आहे का?"

तुरतुरी लाजली. तिने कुलूप लावले.

दुसऱ्याच दिवशी कोल्ह्याने चिखलातील तिच्या ठशात मऊ मेण दाबले. मेणाचा पंजा तयार झाला. पुढच्या हजेरीच्या वेळी ढोली रिकामी झाली. कुलपावर तेवढे मेण चिकटून राहिले.

तुरतुरी रानगव्याकडे धावली.

"कुलूप फुटले का?" त्याने विचारले.

"नाही."

"मग चोरी कशी? कुलूप म्हणते, तुम्हीच उघडले."

"अहो, मी त्या वेळी हजेरीला होते!"

"म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी? बाई, हे फारच संशयास्पद आहे."

ती वानराकडे गेली. "कुलपाला माझा जुना पंजा विसरायला लावा."

"अवश्य. नवा पंजा घेऊन या."

सायंकाळी सभा भरली. चारोळ्या खारीनेच खाल्ल्या, सबब तक्रार निकाली. यापुढे प्रत्येक ढोलीस पंजाकुलूप सक्तीचे, असा ठराव मांडला गेला. त्यास तक्रारदाराची संमती आवश्यक होती. तुरतुरीने साफ नकार दिला आणि भुकेली पिल्ले घेऊन ती दूरच्या झाडावर निघून गेली.

तरीही ठराव एकमताने संमत झाला. रानगवा, वानर आणि कोल्हा यांचे ठसे वर उमटले. खाली, तक्रारदाराच्या जागी, अत्यंत सुबक असा तुरतुरीचा पंजा होता.

तात्पर्य : आपली ओळख जपत बसू नये. ती एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, की सभेला जाण्याचेही कष्ट वाचतात.