नागोजी मास्तरांचं जाळीचं दार

रामनगरात नागोजी मास्तरांच्या घरी जायचं तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावी लागतात. दाराला त्यांनी स्वतःच्या हातानं तारेची जाळी ठोकलीय, कडी आतून. तुम्ही हाक मारली की जाळीमागं चष्मा येतो.

"कोण? काय आणलंय? काय न्यायचंय?"

आपण बावरलो की करडा आवाज येतो, "पटल विचारतंय!"

पटल म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा. मास्तरांनी हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण त्यांची शाळा सुटायची घंटा काही वाजली नाही. "पेशी डोळ्याला दिसत न्हाई, पण तिला अक्कल हाय. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, कळतंय तिला. एवढं रामनगरात कुणाला कळत न्हाई."

दूधवाल्याला मात्र जाळीतून थेट प्रवेश. का, तर "पाण्याला पटल अडवत न्हाई. ह्याच्या दुधात दुसरं काय असतंय?" निवडणुकीत हात जोडून आलेल्या उमेदवाराला ते म्हणाले, "तुम्ही लई मोठा रेणू. तुम्हाला आत ओढायचं तर पेशीला ताकद खर्चावी लागती. या वयात माझ्याकडं तेवढी न्हाई." उमेदवाराला तो मान वाटला. तो नमस्कार करून गेला.

हे छापून आलं आणि मास्तरांनी वाचलं तर, या भीतीनं मी एकेक ओळ दोनदा खोडून लिहितेय. ज्यांनी शिकवलं त्यांचीच मी थट्टा करतेय. पण आकृती नसलेलं पुस्तक ते हातात धरत नाहीत, एवढाच धीर.

मी औशाकडची. नवरा ट्रकवर, बेळगाव-गोवा रस्त्यानं ये-जा करणारा, म्हणून आम्ही इथं खोली घेतली. शेजार मास्तरांचा. आल्यावर त्यांनी जाळीच्या फटीतून एक बरणी सरकवली. खारातले फणसाचे गरे. इकडं उन्हाळ्यात कच्चे गरे मिठात दाबून ठेवतात आणि भाजी मिळेनाशी झाली की काढतात. आम्हा दुष्काळाकडच्यांना ते काय ठाऊक! मी बरणीतून काढून तसेच फोडणीला टाकले. नवऱ्यानं एक घास घेतला आणि सबंध तांब्या पाणी प्याला.

रडवेली होऊन मी जाळीसमोर उभी राहिले.

"भिजवलेस?" मास्तर.

"नाही जी."

"मग बरोबर झालं! मिठानं गऱ्यातल्या पेशींचं पाणी ओढून घेतलेलं. साध्या पाण्यात घातलेस की मीठ बाहेर, पाणी आत. तू पाणी दिलं न्हाईस, म्हणून त्यांनी नवऱ्याचं ओढलं." स्वतःवरच खूश होऊन ते हसले. मग एकदम विचारलं, "कितवी शिकलीस?"

"आठवीत सुटली शाळा."

"सुटली का सोडवली?"

मी खाली बघितलं.

"उद्या दहाला ये. वही घेऊन."

त्याच सुमारास वाडीवरच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार होती. दहावी पाहिजे. नवऱ्यानं स्पष्टच सांगितलेलं, दोघांचा खर्च एकट्याच्या ट्रकवर भागत नाही. जागा मिळाली तर इथं राहू, नाहीतर तू गावाकडं आईजवळ जा. आई म्हणजे त्याची. त्यांच्याविषयी मी इथं काही लिहीत नाही. मी बाहेरून दहावीचा अर्ज भरला.

शिकवणी जाळीतून चालायची. मास्तर आत खुर्चीवर, मी बाहेर कट्ट्यावर. वही जाळीला दाबून धरायची, मास्तर भोकातून पेन्सिल घालून चूक काढायचे. माझ्या वहीच्या पानापानावर जाळीचे चौकोन उमटलेत. पाऊस आला तरी "आत ये" नाही. छत्री मात्र फटीतून सरकवत.

मास्तरांना घेऊन कार्याला जाणं म्हणजे जोखीम. गिरणीवाल्या मल्लाप्पांच्या नातवाच्या बारशाला शिऱ्यासाठी आणलेले बेदाणे त्यांनी दोन वाट्यांत ओतले; एकीत नुसतं पाणी, दुसरीत मिठाचं. "तासभर थांबा, सगळ्यांना कळंल." बाळ किंचाळतंय, कानात नाव सांगायला वाकलेल्या आत्याची कंबर धरली, बायका ताटकळल्या. तासानं साध्या पाण्यातले बेदाणे फुगले, आणि मल्लाप्पाही फुगले.

"मल्लाप्पाण्णा, रागावू नका," मास्तर म्हणाले, "तुम्ही तर आमच्या गल्लीची तंतुकणिका. सगळ्यांची ताकद तुमच्या गिरणीतनं येती."

मल्लाप्पा विरघळले. मग काय, प्रत्येकाला आपण पेशीत कोण ते हवं झालं. बसस्टँडवरचा पार्सलवाला गॉल्जी संकुल: बांधा, पत्ता घाला, पाठवा. समोरच्या सुमित्राक्का लयकारिका, कारण पेशीत आलेला कचरा ती पचवते, "आणि अक्का गल्लीतली कसलीबी बातमी पचवतात." अक्का चार दिवस ते मिरवत होत्या.

"आणि ही?" अक्कांनी माझ्याकडं बोट केलं.

मास्तरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ती रिक्तिका."

"म्हंजे रिकामी गे!" अक्का टाळी देऊन हसल्या. सगळं बारसं हसलं.

मला फार लागलं. पोरबाळ नाही, शिक्षण नाही, माहेर लांब. रिकामी तर मी होतेच, ते चारचौघांत सांगायला मास्तर कशाला हवेत? उलट बोलायची माझी छाती नव्हती. मी एकच केलं. पेशीच्या धड्यातलं रिक्तिकेचं पान वाचलंच नाही. दोन पानं चिकटवल्यासारखी एकदम उलटायची.

मास्तरांनी मांडलेला माझा छळ वेगळाच चालू होता. त्यांच्या अंगणात, मी बसायची त्या कट्ट्यापलीकडं, अळू होता. दुपारी त्याची पानं मान टाकायची. मास्तर जाळीतून ओरडायचे, "घाल पाणी! आता बघ." थोड्या वेळानं पानं ताठ.

"का ताठ झाली?"

"पाणी घातलं म्हणून."

"ते शेंबडं पोरबी सांगंल. पाणी जाऊन बसलं कुठं?"

मी वही चाळायला लागले.

"वाच! पुस्तकात हाय."

एकदा सुमित्राक्का हे बघून म्हणाल्या, "तुला राबवतोय गे. पण ह्याची बायको गेल्यापासनं ह्यो मास्तरबी असाच पडून असायचा बघ, ह्या अळवागत. दाढी न्हाई, बोलणं न्हाई. दाराला जाळी ठोकली नि बसला. तू आल्यापासनं वरडायला तरी लागलाय." मी नुसतं हूं म्हटलं. माझ्या डोक्यात परीक्षा होती.

परीक्षेचं केंद्र जोयड्याला. जंगलातून बस वळणं घेत गेली आणि मी पाठ केलेलं वळणावळणाला सांडत गेले. विज्ञानाचा पेपर हातात आला. दुसऱ्याच पानावर: रिक्तिकेचं कार्य उदाहरणासह लिहा.

सासूबाईंचा उंबरठा डोळ्यांपुढं आला. एवढ्या पुस्तकातलं एकच पान मी रुसून सोडलं होतं, नेमकं तेच.

मग अळू आठवला. पाणी जाऊन बसलं कुठं? बसायला जागा नको का? रिकामी जागा असल्याशिवाय पाणी बसणार कुठं? मी घाबरत लिहिलं: 'रिक्तिका पेशीत पाणी साठवून ठेवते. त्यामुळे पेशी भरीव राहते आणि पान ताठ उभं राहतं. उदाहरण, आमच्या मास्तरांच्या दारातला अळू. रिक्तिकेत पाणी नसलं की तो मान टाकतो.'

लिहून झालं आणि माझं पेन तिथंच थांबलं. बारशातलं ते हसणं आठवलं, मास्तर अळवागत पडून असायचा हे अक्कांचं बोलणं आठवलं. पुढचा प्रश्न मी डोळे पुसून वाचला.

निकालात मी पास झाले, विज्ञानात काठावर. अंगणवाडीतली जागाही मिळाली. आता पोरांच्या ताटांत भात वाढते. पण मला सांगायचंय ते त्या पेपराच्या संध्याकाळचं.

"कोण? काय आणलंय?" जाळीमागं चष्मा.

"मी जी. रिक्तिका."

चष्मा जाळीला टेकला. "काय लिहिलंस?"

मी सगळं सांगितलं, अळवासकट.

"पुस्तकात अळू न्हाई."

"मग चुकलं का जी?"

कडी निघाल्याचा आवाज आला. "आत ये," मास्तर म्हणाले. परत म्हणाले, "ये की आत. उंबऱ्याला पाय लागंल, बघून."

आत काहीच विशेष नव्हतं. जाळीला लागून त्यांची खुर्ची, वेत बसून बसून खोल गेलेला. मी त्या खुर्चीशेजारी उभी राहून बाहेर बघितलं. तिथून गल्ली दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दिसतो फक्त माझा कट्टा आणि पलीकडं अळू.

अळवानं पार मान टाकलेली.

"सकाळपासनं हितंच बसलेलो," मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले. "पाणी घालायचं ऱ्हाऊन गेलं."

मी तांब्या घेतला, पाणी घातलं आणि परत आत आले. पानं ताठ व्हायला वेळ लागतो. तोवर आम्ही दोघं जाळीतून बघत बसलो. का ताठ होतात, ते त्या दिवशी मास्तरांनी विचारलं नाही.