निरोगी यादीतली लव्ही

मुलांनो, मांडी घालून बसा आणि खिशातली चिंच खिशातच राहू द्या. ज्या जंगलातली ही गोष्ट आहे तिथे नदी होती, करवंदं होती, वाघही होता. पण वाघापेक्षा दरारा होता तो तिथल्या आरोग्य विद्यापीठाचा.

विद्यापीठाचे कुलगुरू गेंडेसाहेब. त्यांची कातडी सर्वांत जाड, म्हणून निवड एकमताने झाली होती.

विद्यापीठात तीन विभाग होते. कान विभागाचे प्रमुख डॉक्टर वटवाघूळ, पोट विभागाचे डॉक्टर तरस आणि पाय विभागाचे डॉक्टर करकोचे. तिन्ही इमारती एकमेकींना चिकटून होत्या, पण मधली दारं त्यांनी विटा लावून बुजवून घेतली होती. एकाचा नमुना दुसऱ्याने पळवू नये म्हणून. नमुना म्हणजे काय, असं विचारताय? नमुना म्हणजे आजारी प्राणी. बाहेर त्याला आपण नावाने हाक मारतो.

इमारतींसमोर लॉन होतं. मूल्यांकन समिती येणार होती तेव्हा गेंडेसाहेबांनी परदेशातून खास गवत मागवून ते लावलं. ते इतकं हिरवंगार होतं की समितीने सर्वांत जास्त गुण त्या गवतालाच दिले. रुग्णांना बसायला बाकं नव्हती. ते लॉनवर बसत.

त्याच वर्षी सशांच्या पिल्लांमध्ये नवा आजार आला. आधी कान तापायचे, मग पोट फुगायचं, मग मागचे पाय लुळे पडायचे. तिन्ही विभागांनी आजार आपापसांत वाटून घेतला. कानाचा ताप वटवाघळांकडे गेला, पोटाची फुगी तरसांकडे आणि पाय करकोच्यांकडे. ससा कुणाकडेच गेला नाही.

"एकत्र संशोधन करा," गेंडेसाहेब म्हणाले. "हल्ली एकत्र संशोधनाला मान आहे."

मग बैठका सुरू झाल्या. दोन महिने चालल्या. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, हा एकच विषय. शेवटी असं ठरलं की निबंध तीन लिहायचे, म्हणजे प्रत्येकाचं नाव एकदा पहिलं येईल. तोवर अकरा पिल्लांचे पाय गेले होते. इतिवृत्तात त्याची नोंद नाही, कारण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

संशोधनाला आजारी पिल्लं पुरत नाहीत, मुलांनो. ताडून पाहायला निरोगी पिल्लंही लागतात. म्हणून सशांच्या वस्तीत दवंडी पिटली. वस्तीत भुरकी नावाची एक सशीण राहत होती. तिच्या बहिणीच्या पिल्लाचे पाय गेले होते. आपल्या मदतीने औषध सापडलं तर दुसऱ्या कुणाचं पोर तरी वाचेल, असं तिला मनापासून वाटलं. ती आपल्या लव्हीला घेऊन गेली. लव्ही एकुलती एक, उड्या मारण्यात वस्तीत पहिली.

तिथे लव्हीच्या कानाला हिरवं पान बांधलं. हिरवं पान म्हणजे निरोगी, पिवळं पान म्हणजे आजारी. केसपेपरवर शिक्का बसला आणि दर सोमवारी तपासणीला यायचं ठरलं.

सोमवारी पहाटे निघायचं, नंबर दुपारी लागायचा. मधल्या वेळात लव्हीला भूक लागायची. समोर कोवळं गवत. ससाच तो, काय करणार?

चौथ्या सोमवारी लव्हीचे कान तापले. भुरकीने तिला उचललं. ती धावत कान विभागात गेली.

"डॉक्टरसाहेब, पोरीचं कान बगा की. हात लावू देत न्हाई."

डॉक्टर वटवाघूळ उलटे लटकून केसपेपर वाचत होते. "ही निरोगी आहे."

"आवं, पण तापलीया!"

"बाई, यादीत निरोगी आहे. निरोगी गटातल्या पिल्लाने मध्येच आजारी पडणं आमच्या आराखड्यात बसत नाही."

"मग तिला आजाऱ्यांच्यात घाला. पिवळं पान बांधा."

"मग निरोगी कोण उरलं? आधीच सहा पिल्लांनी असाच हट्ट केलाय."

पोट फुगलं तेव्हा भुरकी तरसांकडे गेली. तरस सगळं ऐकून हसले. ते सगळ्यालाच हसत, त्यात त्यांचा दोष नव्हता. पण औषधाची बाटली कपाटात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली, तो दोष त्यांचाच होता. "आत्ता औषध दिलं तर आकडे बिघडतील," ते म्हणाले. "संशोधन संपू दे. दिवाळीनंतर या."

पाय विभागात करकोचे एका पायावर उभे होते. लव्हीचा उजवा पाय मागे फरफटत होता. त्यांनी तो लांब चोचीने मोजला, वहीत लिहिला आणि भुरकीला सांगितलं, "छान. पुढच्या सोमवारी चुकवू नका."

मला या तिघांचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. तुम्हालाही येत असेल तर येऊ द्या.

त्या विद्यापीठात साळूमावशी झाडू मारायची. जातीची साळिंदर. तिन्ही इमारतींत जायला मुभा असलेली ती एकटीच, कारण कचरा तिन्हीकडे होता. तिने भुरकीला जिन्याखाली रडताना पाहिलं.

"पोरीला घरी ने बाई," मावशी म्हणाली. "आन् परत आणू नको."

"आन् मग औषध?"

"म्या रोज बगती. जी पोरं तपासणीला यायची बंद झाली, ती बाजारात उड्या मारताना दिसत्यात. जी सोमवार चुकवत न्हाईत, त्यांचंच पाय जात्यात. हितं दुसरं काय खात्यात ती? ते मेलं गवत! आधीची पोरंबी लस टोचायला आली आन् हितंच चरली."

भुरकीने लव्हीच्या कानाचं हिरवं पान तोडलं, तिला पाठीवर घेतलं आणि ती मागच्या दाराने निघून गेली.

साळूमावशी मात्र भाबडी. ती थेट तिघांच्या बैठकीत शिरली आणि झाडू हातात धरूनच हे सगळं सांगून मोकळी झाली.

तिघांनी आपापल्या वह्या चाळल्या. मग डॉक्टर करकोचे म्हणाले, "जे तपासणीला येत नाहीत, त्यांची नावं आपण वगळतो ना?"

"पहिल्या दिवसापासून," डॉक्टर तरस म्हणाले.

"आवं, पण तीच तर बरी झाली!" मावशी ओरडली.

"वगळलेल्यांबद्दल निबंधात काही लिहिता येत नाही," डॉक्टर वटवाघूळ शांतपणे म्हणाले. "आणि गवत कुठल्या विभागात येतं?"

गवत कुठल्याच विभागात येत नव्हतं. ते बाग खात्यात येत होतं. मावशीचं शिक्षण किती, हे विचारण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून तिला फक्त लॉन झाडायला ठेवलं.

इकडे भुरकीने लव्हीला नदीकाठची हरळी खाऊ घातली, दुसरं काही नाही. आठ दिवसांत कान निवले, पंधरा दिवसांत पोट उतरलं. उजवा पाय जरा ओढत राहिला. उड्या मारण्यात आता ती शेवटून दुसरी होती, पण उड्या मारत होती. भुरकीला तेवढं पुष्कळ होतं.

दिवाळीनंतर तिन्ही निबंध छापून आले. तिन्हींत एक वाक्य सारखं होतं, निरोगी गटातली सर्व पिल्लं अखेरपर्यंत निरोगी राहिली. जी आजारी पडली किंवा पळाली, ती वगळली होती. मोठा सत्कार झाला. सत्कारात गेंडेसाहेबांना भरून आलं आणि ज्या वस्तीने सहकार्य केलं तिचे आभार मानायचं ठरलं.

एका संध्याकाळी विद्यापीठाचे निरोप पोचवणारे कावळे वस्तीत आले. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी त्यांनी एक प्रमाणपत्र आणि एक कुंडी ठेवली. नावं अगदी पहिल्या यादीवरून उतरवली होती, म्हणून भुरकीच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, 'कुमारी लव्ही, अखेरपर्यंत निरोगी राहिल्याबद्दल गौरव.' कुंडीत विद्यापीठाच्या लॉनमधलं हिरवंगार गवत होतं.

लव्हीने पुढे येऊन वास घेतला. भुरकीने कुंडीला अशी लाथ मारली की ती ओढ्यात जाऊन फुटली. मग भुरकी पळत सुटली. या बिळातून त्या बिळात, गवत उपटत, ओरडत, "खाऊ नगा! पोरांस्नी खाऊ दिऊ नगा!" धाप लागेपर्यंत तिने वीस कुंड्या रिकाम्या केल्या.

शेवटच्या तीन बिळांशी ती पोचली तेव्हा कुंड्या आधीच रिकाम्या होत्या. पिल्लं तोंड पुसत होती. आणि त्यांच्या आया प्रमाणपत्रं भिंतीला लावत होत्या.

"कावळं सांगून गेलं, आता रोज एक कुंडी मिळनार हाय," त्यातली एक आनंदाने म्हणाली. "सोमवारी जाऊन नव्या संशोधनात नाव घालायचं फक्त."

भुरकी पाया पडली, शिव्या दिल्या, लव्हीचा पाय दाखवला. "तुझी लेक तर निरोगी हाय की," त्या म्हणाल्या. "तुझ्याच दारात लिवून आलंय."

सोमवारी तिघी पहाटेच रांगेत उभ्या होत्या. पिल्लांच्या कानाला हिरवी पानं बांधली गेली. साळूमावशी लॉनच्या कडेला झाडू टेकून उभी होती आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

तात्पर्य : आजारी पडण्याआधी आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते पाहून यावं. निरोगी यादीत असेल, तर थोरांचा शब्द मोडू नये आणि पाय गेला तरी लंगडू नये.