बारा शेळ्यांच्या पाट्या

आमचे संख्याशास्त्राचे गजभारे सर आलेखातली रेघ बघायच्या आधी त्याची पाटी वाचतात. एका पानावर बारा छोटे आलेख असले, की प्रत्येकाच्या डोक्यावर जे नाव येतं, ती त्यांच्या भाषेत पाटी. नांदेडच्या गल्ल्यांतूनही ते दारावरच्या पाट्या वाचत चालतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर चहाला निघालेला माणूस जेवायच्या वेळेला टपरीवर पोचतो.

माझ्या प्रबंधात नायगावच्या खतीजाबींच्या बारा शेळ्यांची वर्षभराची वजनं होती. आकडेवारीच्या प्रकरणावर शनिवारपर्यंत सरांची सही हवी होती, नाहीतर सहा महिने लटकलो. आलेख काढायच्या 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरमधला मी स्वतःला वस्ताद समजत होतो. झटक्यात बारा आलेख काढले आणि पाट्या दिल्या, एक ते बारा.

"ह्यांना नावं न्हाईत का?" सरांनी विचारलं.

"सर, शेळ्या आहेत."

"हाव, मग? विचारून घे."

वर्षभर मी त्या शेळ्या तोलल्या होत्या, पण कानातल्या बिल्ल्यावरच्या नंबराच्या पलीकडे ओळख नव्हती. खतीजाबींना फोन करून नावं घेतली आणि ओळीनं बसवली. सर म्हणाले, "आता ज्यांच्या शेळ्या, त्यांना दाखवून ये."

शुक्रवारी नायगावला जाऊन मी तोऱ्यात समजावलं, "ही राणी. पाचव्या महिन्यात गेली, म्हणून रेघ तुटली."

"राणी कवा मेली?" खतीजाबी म्हणाल्या. "ती तर तुमच्या मागं उभी हाय."

राणी माझी पिशवी चघळत होती. कॉम्प्युटरनं एकनंतर दहा, अकरा, बारा लावले होते आणि मग दोन. मी मात्र नावं हजेरीसारखी क्रमानं दिली होती, म्हणून दहाच्या आलेखावर दोन नंबरच्या राणीची पाटी बसली. गेली होती दहा नंबरची चांदणी. वस्तादानं जिवंत शेळी मारून दाखवली होती.

शनिवारी दुरुस्त केलेल्या पानावर बोट ठेवून सरांनी बाराही नावं वाचली. चांदणीपाशी थांबले.

"होस्टेलात आठ वर्षं मी सत्तावन्न होतो," ते म्हणाले. "ताटावर सत्तावन्न, पेटीवर सत्तावन्न. सुट्टीत घरी गेलो, मायनं मागून नावानं हाक मारली, अन् मी वळलोच न्हाई. लई रडली ती."

मग त्यांनी सही केली.

आभाराच्या पानावर मी 'एम. डी. गजभारे' असं टाइप केलं होतं. चार वर्षं त्यांच्याकडे शिकलो, आणि त्या 'एम' मध्ये काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली. विचारलं.

"मिलिंद," ते म्हणाले. मग पुढं म्हणाले, "माय मिलू म्हणायची. पण ते छापू नको."