वानखेडे काकांची पानं

वानखेडे काका कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी कुंड्यांकडे पाहतात. एखादं पान उलटं करतात आणि म्हणतात, "तोंडाकडून समदे सारखेच. पाठ पाहा बाप्पा, पाठ!"

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मी सचिव. काका तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. निवृत्त झाल्यापासून मातीची पानं करतात. पोळपाटावर माती लाटायची, तिच्यावर खरं पान दाबायचं, कडेनं कापायचं. वाळलं की टॉवेलात गुंडाळून स्वारगेटजवळच्या भट्टीत भाजून आणायचं. बसमध्ये ती पिशवी मांडीवर अशी धरतात की शेजारचा माणूस आपणहून उठतो.

पानं सुरेख होतात म्हणे. म्हणे, कारण काका ती विकत नाहीत, भेट देत नाहीत, दाखवतही नाहीत. बेल वाजवली की दार साखळीपुरतं उघडतं आणि फटीतून "काऊन?" एवढाच प्रश्न येतो. यात काहीतरी काळंबेरं आहे, असं मला पहिल्यापासून वाटायचं.

मग सोसायटीतली पानं जाऊ लागली. फुलं शाबूत, पानं गायब. प्रत्येक झाडाचं एकच, सगळ्यांत देखणं, कात्रीनं स्वच्छ कापलेलं. मी यादी ठेवली. साठे वहिनींचा मनी प्लांट, फाटकाजवळचा कांचन, माझ्या दाराबाहेरच्या कुंडीतला ओवा... एकूण एकवीस.

"आज पान नेलं, उद्या कुंडी नेतील," साठे वहिनी म्हणाल्या. "अहो, कलाकार असले म्हणून काय झालं?"

समितीच्या बैठकीत दोन विषय होते. एक, पुनर्विकास: पुढच्या महिन्यात घरं रिकामी करायची, मग झाडं तोडायची. दोन, काकांना लेखी ताकीद: बागेत पाऊल ठेवायचं नाही. दोन्ही मंजूर. दोन्हींपुढे मी खूण केली.

ताकीद घेऊन वर गेले.

"काऊन?"

"सही हवी आहे. साखळी काढा."

आत भिंतभर पानं, प्रत्येक आपापल्या खिळ्यावर. मी यादी काढून पडताळायला लागले. मनी प्लांट, आहे. कांचन, आहे. ओवा! मी तो खिळ्यावरून उतरवला.

"हे माझं पान आहे, काका."

"पाठ पाहा," काका हळूच म्हणाले.

मागे, माती ओली असतानाच कोरलेलं होतं: 'ओवा. बी २०४. तापात सचिव बाईनं काढा देल्ला.'

मला तो काढा आठवतही नव्हता.

मनी प्लांटच्या मागे साठे वहिनींच्या पुरणपोळ्या होत्या.

एक खिळा रिकामा होता. मी बोट दाखवलं.

"तो आमच्या अंगणातल्या मोहाचा," काका म्हणाले. "घर इकलं तवा सामान बांधाची घाई. एक पान बी नाई आनलं. आता थो मोहही नाई." मग म्हणाले, "इथलेही झाडं तोडनार म्हनून ऐकलं. म्हनलं, या खेपेला पानं आधीच घेऊन ठेवू."

ताकीद मी पर्समध्ये परत ठेवली. सवयीनं भिंत पुन्हा एकदा तपासली.

"मागच्या आवारातली सातवीण राहिली तुमची."

"लय उंच हाये, बाई. माहा हात नाई पोचत."

मी यादी उलटी केली आणि पाठीवर लिहिलं: सातवीण. शिडी. उद्या सकाळी सात.